हँडल लॉक लावलेलं होतं तरी बाईक गेली – इंदूरकरांनो, गाडी वाचवायला तुम्ही काय करता?

राजेंद्रनगरवाला – सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. शनिवारी संध्याकाळी माझी बाईक गेली. मावसभावाचा साखरपुडा होता, सुदामा नगरच्या पुढे एक कार्यालय आहे तिथं, आत गाड्या लावायला जागाच नव्हती म्हणून बाहेर रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली लावली, हँडल लॉक केलं, किल्ली खिशात टाकली आणि आत गेलो. जेवून बाहेर आलो तेव्हा पाऊण तास पण झाला नसेल. गाडी नाही. आधी वाटलं कोणी सरकवून ठेवली असेल, सगळी रांग दोनदा बघून आलो. मग मोबाईलच्या उजेडात खाली बघितलं तर मातीत साइड स्टँडचा खड्डा तसाच होता आणि त्याच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा धातूचा तुकडा पडलेला, एका बाजूनं मळका आणि जिथं तुटला तिथं एकदम पांढराशुभ्र. आमच्या मिस्त्रीला दाखवला, तो म्हणाला हा हँडल लॉकचाच आहे.

गाडी २०२१ च्या दसऱ्याला घेतलेली, काळी, १२५ सीसी. अर्धे पैसे बाबांनी दिलेले. त्यांना रोज सकाळी अन्नपूर्णा मंदिरात त्याच गाडीवर सोडतो, काल आणि आज ते रिक्षानं गेले, बोलले काही नाहीत पण मला बघवत नाही.

पोलीस थान्यात रपट लिहून आलोय. आता अजून काय करू ते सांगा, आणि पुढे दुसरी गाडी घेतली तर ती कशी सांभाळायची ते पण सांगा. हँडल लॉक असलं की झालं असंच मी आजवर समजत होतो.

मालवी_मिस्त्री – सोमवार, रात्री ११:२०

भाऊ, वाईट वाटलं वाचून. मी बावीस वर्षं गाड्या खोलतोय म्हणून सांगतो, हँडल लॉक म्हणजे एक करंगळीएवढी पिन असते, किल्ली फिरवली की ती चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, खाचेत जाऊन बसते, बस्स इतकंच. ज्याला सवय आहे तो ताकद लावून ती काही सेकंदांत मोडतो आणि बघणाऱ्याला वाटतं मालकच आहे, हँडल अडकलंय. म्हणून हँडल लॉक लावायचं जरूर पण त्याला कुलूप मानायचं नाही.

आधी एक काम करा. उद्या सकाळीच शहरातले सगळे सायकल स्टँड बघून या. सरवटे बस स्टँडच्या आसपासचे, रेल्वे स्टेशनचे, एमवाय हॉस्पिटलचे, मोठ्या दवाखान्यांचे. चोरणारे पुष्कळदा गाडी लगेच विकत नाहीत, पावती फाडून स्टँडवर लावून देतात आणि चार-आठ दिवस बघतात की कोणी मागे येतंय का, गाडीत ट्रॅकर आहे का. मग शांतपणे नेतात आणि देवास, धार, कुठं कुठं पाठवतात नाहीतर सुटे भाग करून टाकतात. माझ्या दोन गिऱ्हाइकांच्या गाड्या अशाच स्टँडवर सापडल्यात. स्टँडवाल्याशी भांडू नका, त्याला बिचाऱ्याला काय माहीत, त्याला रपटीची कॉपी दाखवा.

नंबर प्लेट बघत फिरू नका, ती बदललेली असेल. ओरखडे बघा, सीट कव्हर बघा, टायर बघा.

मुक्ता_तिलकनगर – मंगळवार, सकाळी ७:०५

दादा, घरी चेसिस नंबरची पेन्सिल घासलेली पट्टी आहे का बघा. गाडी घेतली तेव्हा शोरूमवाले कागद ठेवून वर पेन्सिल घासतात ना, ती. आमच्या बाबांनी प्रत्येक गाडीची एक जास्तीची काढून फाईलमध्ये ठेवलीय. गाडी सापडली आणि इंजिन बदललेलं असलं तरी चेसिसवरच्या आकड्यांचं वळण जुळतं, मधेच एखादा आकडा नव्यानं ठोकला असेल तर लगेच लक्षात येतं.

आणि मोबाईल नंबर आरसीला जोडलेला असेल तर एसएमएस बघत राहा. चोरलेली गाडी सिग्नल तोडून गेली आणि नंबर प्लेट तीच असली तर चलान तुमच्याच मोबाईलवर येतं, त्यात चौराह्याचं नाव असतं, वेळ असते, फोटो असतो. तो मेसेज रागानं डिलीट करू नका, घेऊन सरळ थान्यात जा.

राजेंद्रनगरवाला – मंगळवार, सकाळी ७:४०

मुक्ताताई, पट्टी आहे! फाईलमध्ये पिवळ्या पावतीला टाचलेली निघाली. मिस्त्रीकाका, मी आणि मावसभाऊ आत्ता निघतोय. रपट ऑनलाइन करता आली असती का हो? मला थान्यात अडीच तास बसावं लागलं.

काळ्या_कोटातला – मंगळवार, सकाळी ९:१५

करता आली असती. मध्य प्रदेश पोलिसांच्या साइटवर वाहनचोरीची ई-एफआयआर होते, चोर माहीत नसला आणि मारहाण वगैरे काही झालेली नसली तर. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले त्यात तर सरळ लिहिलंय की खबर इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं देता येते, फक्त तीन दिवसांच्या आत जाऊन सही करून यायची. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. चोरीचं कलम पूर्वी ३७९ होतं ते आता न्याय संहितेचं ३०३ आहे, तुमच्या कॉपीवर तेच असेल, बघून घ्या. आणि साध्या अर्जावर पोहोच घेऊन परत येऊ नका, एफआयआरचा नंबर हवाच, पुढे सगळीकडे तोच मागतात.

आजूबाजूच्या दुकानांचे सीसीटीव्ही आजच बघायला सांगा. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, भरला की जुनं आपोआप पुसलं जातं, कुठं पंधरा दिवसांत, कुठं आठवड्यातच.

विमा_आणि_मी – मंगळवार, दुपारी १:३०

राजेंद्रनगरवाले, विमा कंपनीला कळवलंत का? आजच कळवा, फोन करा, मेल पण करा. उशीर झाला म्हणून क्लेम नाकारल्याची प्रकरणं मी खूप बघितली आहेत. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये गुरशिंदर सिंग यांच्या केसमध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलंय की पोलिसांत रपट लगेच केलेली असेल तर नुसतं कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा क्लेम नाकारता येत नाही. पण कोर्टापर्यंत जायची वेळच का आणायची.

दोन्ही किल्ल्या सांभाळून ठेवा, कंपनी दोन्ही मागते. एक हरवली असेल तर ते आधीच लिहून कळवलेलं असावं, नाहीतर किल्ली गाडीलाच सोडली होती असा संशय घेतात. थान्यातून शेवटी खात्मा रिपोर्ट लागेल, म्हणजे तपास केला पण गाडी मिळाली नाही असा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, पॉलिसी उघडा आणि तिच्यावरच्या तारखा बघा. दोन तारखा असतील.

राजेंद्रनगरवाला – मंगळवार, रात्री ९:१०

आज सहा स्टँड झाले. नाही मिळाली. उद्या परत जाणार.

विमावाले दादा, पॉलिसी बघितली. थर्ड पार्टी २०२६ पर्यंत आहे. दुसरी तारीख ओन डॅमेजची, ती २०२२ ची आहे. मला शोरूममध्ये सांगितलं होतं पाच वर्षांचा विमा आहे, बघायची गरज नाही. म्हणजे चोरीचं काहीच मिळणार नाही का?

विमा_आणि_मी – मंगळवार, रात्री ९:३५

नाही मिळणार, भाऊ. मला हीच भीती होती म्हणून तारखा बघायला सांगितलं.

बाकीच्यांनी पण वाचा, कृपा करून. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं. तो आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठी. आपली गाडी चोरीला गेली, जळाली, पुरात गेली तर ओन डॅमेज लागतो आणि तो पुष्कळांना फक्त पहिल्या वर्षाचा दिलेला असतो. माणूस पाच वर्षं निर्धास्त फिरतो. नुसता ओन डॅमेज वेगळा घेता येतो, सप्टेंबर २०१९ पासून, थर्ड पार्टी चालू असली की झालं. आत्ता उठा आणि बघा.

मिळतात किती तेही सांगतो. गाडीची किंमत दरवर्षी कमी धरतात, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के कपात, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. समजा शोरूमची किंमत ८०,००० होती आणि गाडी साडेतीन वर्षांची आहे, तर ४८,००० धरतात. रजिस्ट्रेशनचा खर्च त्यात नाही. पण शून्यापेक्षा ४८,००० म्हणजे निदान पुढच्या गाडीचे अर्धे पैसे.

मुक्ता_तिलकनगर – मंगळवार, रात्री १०:००

आत्ता आमच्या स्कूटरची बघितली. ओन डॅमेज मार्चमध्ये संपलाय. सकाळी पहिलं काम हेच.

सियागंज_हार्डवेअर – बुधवार, सकाळी ११:१०

कुलपांचं मी सांगतो, माझा धंदाच तो आहे. लोक येतात आणि म्हणतात भिया, साखळी द्या, स्वस्तातली द्या, आणि दीडशे रुपयांची प्लास्टिक चढवलेली वायर घेऊन जातात. ती वायर हातातल्या कटरनं कापते, आवाज पण होत नाही. सायकलला सुद्धा मी ती देत नाही आता. कमीत कमी १० मिलिमीटर जाडीची हार्डन केलेली साखळी घ्या, कडी चौकोनी असली तर आणखी चांगली, गोल कडीवर कटरची पकड नीट बसते, चौकोनीवर तितकी बसत नाही. वर कापडाचं आवरण असावं म्हणजे टाकीला ओरखडे नाहीत. कुलूप असं बघायचं की त्याची वरची कमान झाकलेली असेल, उघडी लांब कमान म्हणजे त्यात पहार घालायला जागा दिली. वजन होतं, तीन-चार किलो होतं, पण त्याला इलाज नाही, हलकी आणि मजबूत साखळी मी तरी बघितली नाही.

आता ही साखळी घेऊन लोक काय करतात, तर पुढच्या चाकातून फिरवून कुलूप लावून टाकतात. अहो गाडी गाडीलाच बांधली! दोघं जण उचलून लोडिंगच्या गाडीत टाकतात आणि घरी जाऊन आरामात कापतात. साखळी खांबातून, झाडातून, ग्रिलमधून, कशातूनही गेली पाहिजे पण जमिनीत रोवलेल्या गोष्टीतून. आणि गाडीच्या बाजूनं ती चेसिसमधून नाहीतर मागचं चाक धरणाऱ्या दांड्यातून, स्विंग आर्ममधून घ्या, नुसत्या चाकातून घेतली तर चाक ठेवून बाकीची गाडी नेतात. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नका, वर ताणलेली ठेवा. फरशीवर टेकलेल्या साखळीवर घण बसतो किंवा कटरचा एक हात जमिनीला टेकवून सगळं वजन टाकता येतं, हवेत लटकलेलीला तसं करता येत नाही.

पलासिया_रायडर – बुधवार, दुपारी १२:४५

एवढ्या सगळ्यापेक्षा जीपीएस लावा, मोकळे व्हा. मोबाईलवर कळतं गाडी कुठं आहे.

मालवी_मिस्त्री – बुधवार, दुपारी २:००

पलासियावाले दादा, जीपीएसला माझा विरोध नाही, मी स्वतः बसवून देतो. पण तो गाडी जायला थांबवत नाही, गेल्यावर सांगतो. आणि बसवून विसरले तर तेही सांगत नाही. त्यात सिम असतं, रिचार्ज संपला की ट्रॅकर मेला. स्वस्त ट्रॅकर अजून टूजीवर चालतात आणि जिओला टूजी नाहीच, म्हणून सिम बघून घ्यावं लागतं. शिवाय तो रात्रंदिवस बॅटरी खातो, आपल्या छोट्या गाड्यांची बॅटरी तीन ते पाच अँपिअर-अवरची, आपण महिनाभर गावाला गेलो आणि गाडी उभी राहिली तर सेल्फ मारत नाही, मग लोक वैतागून वायरच काढून ठेवतात. तळघराच्या पार्किंगमध्ये तर सॅटेलाइट दिसतच नाही त्याला.

आणि मोबाईलवरून इंजिन बंद करायचा रिले बसवायचा तर तो चालत्या गाडीत बंद होणारा नको, ट्रकच्या पुढे एखाद्याचं इंजिन गेलं तर माणूस मरेल, मग तो चोर का असेना.

माझं म्हणणं असं की आधी गुप्त स्विच. इग्निशनच्या वायरीत एक छोटा स्विच, सीटखाली म्हणा, साइड कव्हरच्या आत म्हणा, कुठं ते मिस्त्रीला आणि तुम्हालाच माहीत. शे-दोनशे रुपयांचं काम. हँडल मोडलं, किल्ली फिरवली, तरी इंजिन चालू होत नाही, आणि रस्त्यावर चोराजवळ वेळच नसतो, तो सोडून बाजूची गाडी बघतो. वॉरंटीतली गाडी असेल तर वायर कापू देऊ नका, कपलर लावून करायला सांगा. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना तर पेट्रोलचा कॉक बंद केला तरी कार्बोरेटरच्या वाटीतलं संपेपर्यंतच जाते आणि मग बंद पडते. २०२० च्या एप्रिलपासून बीएस सिक्स, म्हणजे धुराचे नवे नियम आले, बहुतेक गाड्या इंजेक्शनवर गेल्या, कॉक गेला.

आणखी एक, किल्ली घासून गुळगुळीत झाली असेल आणि गाडीला दुसऱ्याच गाडीची किल्ली पण लागत असेल तर लॉकचा सेटच बदला. माझ्याकडे अशा गाड्या येतात ज्या स्क्रू ड्रायव्हरनं चालू होतात आणि मालकाला ती सोय वाटते.

पलासिया_रायडर – बुधवार, दुपारी २:३०

पटलं काका. माझ्या ट्रॅकरचा रिचार्ज बघितला, संपलेला नाही पण चारच दिवस राहिलेत.

एक सांगतो, लोकेशन दिसलं म्हणून एकट्यानं तिथं जाऊ नका कोणी. माझ्या मित्राची गाडी महूच्या बाजूला दिसत होती, तो आणि त्याचा भाऊ दोघंच गेले, तिकडे सात-आठ जण होते, भावाच्या डोक्याला टाके पडले. ११२ ला फोन करा, लोकेशन त्यांना द्या, थांबा.

मुक्ता_तिलकनगर – बुधवार, संध्याकाळी ६:१५

डिस्क लॉक वापरणाऱ्यांसाठी: हँडलपासून लॉकपर्यंत ती रंगीत स्प्रिंगची दोरी मिळते ती जरूर लावा. माझ्या धाकट्या भावानं डिस्क लॉक तसंच विसरून गाडी पुढे घेतली, चाक अर्धा फेरा फिरून अडकलं, ब्रेकचा कॅलिपर गेला आणि भाऊ पडला, मनगटाला प्लास्टर. अलार्मवालं डिस्क लॉक मला आवडतं, हात लागला की ओरडतं, पण बॅटरीचे सेल वेळेवर बदला.

आणि रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीला, अनंत चतुर्दशीच्या झांक्या म्हणजे देखावे बघायला, रात्री सराफ्यात खायला जाताना गाडी गल्लीत टाकून जाऊ नका हो. पाच-दहा रुपये देऊन स्टँडवर लावा, आणि टोकन गाडीच्या डिकीत ठेवू नका. आरसी पण डिकीत नको, डिजिलॉकरमधली चालते.

दांडियाबाजार_बडोदा – बुधवार, रात्री ८:४०

बडोद्याहून लिहितो आहे. आमच्या सोसायटीतून दोन वर्षांपूर्वी एका रात्रीत तीन गाड्या गेल्या, गेटला चौकीदार असून. तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून पार्किंगच्या फरशीत लोखंडी कड्या बसवून घेतल्या. वीतभर खोल खड्डा, त्यात खाली वाकवलेली १६ मिलिमीटरची सळई, वर फक्त कडी बाहेर, आणि काँक्रीट. नटबोल्टवाला अँकर घेतला तर बसवल्यावर नट वेल्ड करून टाका, नाहीतर पान्यानं खोलतात. पहिल्या आठवड्यात काही लोक कुरकुरले की पाय अडकतो, मग भिंतीच्या कडेला घेतल्या. तेव्हापासून एकही गाडी गेलेली नाही. सियागंजवाल्या काकांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे, गाडी जमिनीला बांधा.

राजेंद्रनगरवाला – गुरुवार, रात्री १०:२०

मिळाली!! मंडळी, गाडी मिळाली.

आज अकरावा स्टँड होता. एका दवाखान्याच्या स्टँडवर शेवटच्या रांगेत, भिंतीकडे तोंड करून लावलेली. नंबर प्लेट पुढची पण नाही, मागची पण नाही, सीट कव्हर काढून टाकलेलं. मी तर पुढे निघून गेलो होतो. मावसभाऊ म्हणाला थांब, टाकीच्या खाली बघ. बाबांच्या काठीचा रोज तिथं एकाच जागी घासा लागतो, रंग गेलाय, नखाएवढा डाग आहे. मी खाली बसून बोट फिरवलं आणि मला उठताच येईना. मग पट्टी काढली, चेसिसचा नंबर कपड्यानं पुसला, एक एक आकडा जुळवला. ११२ ला फोन केला, पोलीस आले, पंचनामा झाला. स्टँडवाल्यानं चांगली मदत केली, शनिवारी रात्रीचीच पावती होती.

आता गाडी थान्यात उभी आहे. तिथं आधीच इतक्या गाड्या धूळ खात पडल्यात की बघून पोटात गोळा आला. किती दिवस लागतील?

काळ्या_कोटातला – गुरुवार, रात्री १०:४५

अभिनंदन! उद्याच सुपुर्दगीचा, म्हणजे गाडी परत ताब्यात मिळावी असा, अर्ज द्या, कोर्टात. पूर्वी कलम ४५१ आणि ४५७ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४९७ आणि ५०३. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य, २००२, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की जप्त गाड्या थान्यात वर्षानुवर्षं सडवत ठेवू नका, फोटो काढा, पंचनामा करा, बाँड घ्या आणि मालकाला द्या. अर्जात या निकालाचा उल्लेख करा. आरसी, एफआयआर, आधार लावा. केस संपेपर्यंत गाडी विकायची नाही आणि रंग बदलायचा नाही एवढं पाळा. आणि नंबर प्लेट गेलीय ती एफआयआरमध्ये लिहवून घ्या, नवी हाय सिक्युरिटी प्लेट त्याशिवाय मिळणार नाही, आणि तुमची जुनी प्लेट दुसऱ्या कुठल्या गाडीवर लागून काही झालं तर तुमच्याजवळ कागद पाहिजे.

मालवी_मिस्त्री – गुरुवार, रात्री ११:००

लई बरं वाटलं. गाडी हातात आली की चालवत घरी नेऊ नका, आधी माझ्याकडे नाहीतर तुमच्या मिस्त्रीकडे ढकलत न्या. वायरिंग कापलेली असेल, ब्रेकचं काय केलंय माहीत नाही.

राजेंद्रनगरवाला – पुढच्या शुक्रवारी, संध्याकाळी ७:३०

काल सुपुर्दगी झाली, गाडी घरी आणली. इग्निशनची वायर कापून पिळून ठेवलेली होती, बॅटरी काढून दुसरी जुनी टाकलेली, बाकी ठीक. मिस्त्रीनं लॉकचा सेट बदलला आणि स्विच बसवला, कुठं ते बाबांना पण सांगितलं नाही. ओन डॅमेजसाठी कंपनीनं आधी गाडी तपासायला माणूस पाठवला, फोटो घेतले, पॉलिसी आज सुरू झाली. साखळी सियागंजातूनच आणली, १० मिलिमीटरची, चौकोनी कडीची.

ओट्याच्या बाजूला बडोद्याच्या दादांनी लिहिलं तशी कडी आज सकाळी गवंड्याकडून बसवली. काँक्रीट अजून ओलं आहे, गवंडी म्हणाला सात दिवस पाणी मारा, तोवर ओढू नका. तोवर गाडी रात्री आत बैठकीतच लावतोय, आईनं दिवाण सरकवून जागा केली. बाबा आत्ता कडीवर पाणी घालून आले.